तक्त्यात न बसलेलं टेकाड

आमच्या मैदानाच्या पूर्वेला मातीचं एक टेकाड होतं. फार काही मोठं नाही. दोन पुरुष उंचीचा लांबट उतार, एका गोलपोस्टमागून सुरू होऊन मधल्या रेषेपर्यंत आलेला. त्यावर गवत होतं, बाभळीची दोन झाडं होती आणि वर्षानुवर्षं बसून बसून माणसांनी पाडलेले खळगे होते. ज्याचा त्याचा खळगा ठरलेला. रविवारी सकाळी सामना असला की भोसरीतून, चिखलीतून, पार तळेगावातून माणसं यायची आणि आपापल्या खळग्यात जाऊन बसायची. मी आता पन्नाशीचा आहे. त्यातली चाळीस वर्षं त्या टेकाडावर माझी एक जागा होती. ते टेकाड आता नाही. ते जाण्यात माझा हात आहे, आणि ही गोष्ट मी एका माणसाला सोडून कुणाला सांगितलेली नाही. त्यालाही अर्धीच सांगितली.

टेकाड कुठल्या कंपनीने बांधलं नव्हतं, की सरकारने. मी आठ-नऊ वर्षांचा असताना वडिलांच्या कंपनीत टाळेबंदी झाली. कामगार रोज सकाळी डबा घेऊन निघायचे, बंद गेटसमोर बसायचे, घोषणा द्यायचे, आणि दुपार झाली की त्यांना करायला काही उरायचं नाही. आठ तास हात चालवायची सवय असलेल्या माणसांना नुसतं बसणं जमत नाही. मैदानाच्या कडेला कसल्याशा पायाच्या खोदाईतून निघालेल्या मातीचा मोठा ढीग पडून होता. कंपनीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर पहिल्याच दिवशी म्हणाला, चला, बसायला जागा करू. मग पाट्या आल्या, घमेली आली. टाळेबंदी उठली तेव्हा टेकाड उभं होतं. काम बंद असताना कामगारांनी केलेलं काम होतं ते.

माझे वडील त्याच कंपनीत वेल्डर होते. टाळेबंदी चालू असताना कंपनीने काही जणांकडून चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून घेतला आणि त्यांना आत घेतलं. खिडक्यांना जाळी लावलेल्या बसमधून त्यांना गेटच्या आत नेत. बाहेर बसलेले लोक बसवर थापा मारायचे. माझे वडील नवव्या दिवशी त्या बसमध्ये चढले. का चढले ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आई म्हणायची, तुझी बहीण तेव्हा दवाखान्यात होती. टाळेबंदी उठल्यावर सगळेच कामावर गेले, पण बसमधून गेलेल्यांना 'जाळीवाले' हे नाव कायमचं चिकटलं. शाळेत मला पोरं 'जाळीवाल्याचा' म्हणायची. वडिलांना फुटबॉलचं भारी वेड होतं, पण ते टेकाडावर कधी बसले नाहीत. ते समोर मैदानाच्या गेटजवळ सायकलवर बसून, एक पाय जमिनीला टेकवून, सामना बघायचे. मी टेकाडावरून खेळ बघायचो आणि अधूनमधून त्यांच्याकडे.

मला टेकाडावर बसवलं ते त्या गोलकीपरनेच. मी त्याला काका म्हणायचो, अजूनही म्हणतो. इथल्या मूळच्या गावकीतला माणूस. त्याच्या घरची शेतं कारखान्यांत गेली आणि तो त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या शेडमध्ये कामाला लागला. मी पहिल्यांदा मैदानावर गेलो तेव्हा पायथ्याशीच घुटमळत होतो. काकाने वरून हाक मारली, "ये की वर. टेकाड कुणाचा बाप इचारत न्हाई." आणि स्वतःच्या शेजारची जागा हाताने झाडून दिली.

काका निवृत्त झाला, गुडघे गेले, पण त्याचा खळगा गोलपोस्टमागे तसाच राहिला. तिथून तो गोलकीपरला सूचना द्यायचा. कुठल्याही संघाचा कीपर असो, काकाच्या बाजूला आला की तो काकाचा. "डावीकडं सर. आरं पुढं ये, पुढं. चेंडूकडं बघ, त्याच्या तोंडाकडं काय बघतो, सोयरीक जुळवायची हाय व्हय?" कीपर मागे न बघता मान हलवायचे. मध्यंतरानंतर बाजू बदलली की दुसरा कीपर येऊन आधी टेकाडाकडे बघून हात उंचावायचा. आमच्या मैदानाची ती रीतच होती.

तीनेक वर्षांपूर्वी गेटवर फ्लेक्स लागला. मैदानाचं आधुनिक स्टेडियम होणार. पाठोपाठ मोबाइलवर एक व्हिडिओ फिरायला लागला. त्यात हिरवंगार मैदान, भोवती लाल ट्रॅक, निळ्या खुर्च्यांची गॅलरी, वर पांढरं छत. गॅलरीसमोरून पाठीला सॅक लावलेली माणसं चालत होती. त्यांच्यातला एकही आमच्यातला वाटत नव्हता. फ्लेक्सच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं की नागरिकांनी आपल्या हरकती व सूचना तीस दिवसांच्या आत लेखी द्याव्यात.

त्या रविवारी टेकाडावर सामना कुणी बघितलाच नाही. माझा एक मित्र आहे, चाकणला गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो, पूर्वी आमच्याकडून पुढच्या फळीत खेळायचा. युरोपातले सामने पहाटेपर्यंत बघतो. तो उभा राहून भाषणच करायला लागला.

"ट्रॅक टाकला की संपलं राव. जगात कुठंही विचारा. फुटबॉलच्या मैदानाला ट्रॅक म्हणजे नवरा-बायकोच्या मधे सासू. चेंडू कुठंय ते दिसायला दुर्बीण लागते."

"तुला तसाही दिसत नव्हता," मागून कुणीतरी म्हणालं. "उघड्या गोलसमोर तीनदा बाहेर मारलास, तेव्हा कुठं ट्रॅक होता?"

"भावा, ते वारं होतं."

सगळे हसले. मग एकेक सुरू झाला. प्लास्टिकचं गवत नको, गुडघे सोलून निघतात आणि उन्हात तवा होतो. छत पश्चिमेला हवं, पूर्वेला नको. दिवे लावले तर त्याची वीज कोण भरणार. हिंजवडीत नोकरी करणारा एक जण म्हणाला की गेट दोन हवेत, एकच ठेवलं तर आमच्या फेज वनच्या ट्रॅफिकसारखं होईल, माणूस आत जाईल पण घरी परत येणार नाही. नातीला सामना दाखवायला आणणाऱ्या एका आजींनी शांतपणे सांगितलं, बाकीचं तुम्ही ठरवा, पण बायकांना मुतारी नाही म्हणून आम्ही मध्यंतरात घरी जातो, एवढं तेवढं लिहा.

काका मैदानाकडे बघत होता.

मी चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता खात्यात आहे. गाडीचे सुटे भाग बनतात तिथे. ग्राहक कंपनीकडून तक्रार आली की तिचा अभ्यास करायचा, अहवाल लिहायचा आणि तो त्यांच्यापुढे मांडायचा हे माझं काम. ते मला चांगलं जमतं, असं सगळे म्हणतात. मलाही तसं वाटायचं. म्हणून त्या दिवशी मी उठलो आणि म्हणालो, "असं सुटंसुटं देऊन कोण वाचणार? ज्याने त्याने आपलं लिहून माझ्याकडे द्या. मी सगळं एकत्र करून व्यवस्थित देतो."

"हे बेस," फोर्कलिफ्टवाला म्हणाला. "साहेब लोकांना साहेबच पाहिजे समोर."

मला ते ऐकून बरं वाटलं होतं, हे इथे लिहून ठेवतो.

दोन रविवारांत माझ्याकडे एकतीस कागद जमले. वहीची पानं, पावतीच्या मागची बाजू, एक तर बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा. मी ते घरी आणले आणि जेवणाच्या टेबलावर पसरले. आमच्या खात्यात प्रत्येक दोषाला तीन आकडे द्यायची पद्धत आहे. दोष किती गंभीर, किती वेळा होतो आणि माल बाहेर जाण्याआधी तो न सापडण्याची शक्यता किती. तिन्ही आकड्यांचा गुणाकार करायचा, ज्याचा आकडा मोठा तो मुद्दा वर. मी तेच केलं. माझ्या माणसांच्या म्हणण्याला मी दोषांसारखे आकडे दिले. ट्रॅक एकवीस जणांनी लिहिला होता, तो पहिला आला. गवत दुसरं. स्वच्छतागृह आजींखेरीज आणखी पाच जणींनी लिहिलं होतं, ते तिसरं. दहाव्या मुद्द्याखाली मी रेघ मारली. दहाच्या वर मुद्दे असले की वाचणारा कंटाळतो, हा माझा अनुभव. शिवाय आम्हाला शिकवलेलं असतं की तक्रार तक्रारीसारखी लिहायची नाही, सुधारणा म्हणून लिहायची. 'ट्रॅक नको' असं नाही. 'प्रेक्षक आणि मैदान यांतील अंतर कमी केल्यास अनुभव उंचावेल' असं. तक्ता देखणा झाला. खाली माझी सही, मागे एकतीस जणांची नावं.

बायको भाजी निवडता निवडता तक्ता वाचून म्हणाली, "छान झालंय. पण यात कुणी बोलतंय असं वाटत नाही."

"सरकारी कागद असाच असतो," मी म्हणालो.

टेकाड त्या तक्त्यात नव्हतं. तीस जणांनी टेकाडाविषयी एक अक्षर लिहिलं नव्हतं. त्यांना सगळं सुचलं, छताच्या रंगापर्यंत सुचलं, पण आपण ज्यावर बसून हे बोलतोय ते काढून टाकतील असं कुणाच्या मनातच आलं नाही. ते फक्त काकाच्या मनात आलं. त्याचा कागद जुन्या कॅलेंडरच्या पानाच्या मागच्या बाजूला होता, निळ्या बॉलपेनने, अक्षरं मोठी आणि तिरकी. वर लिहिलं होतं, टेकाड पाडू नये. मग ते कसं झालं ते. किती दिवस लागले, माती कुठली, पाऊस आला तेव्हा कसं खचलं आणि पुन्हा कसं चोपलं. आणि शेवटी नावं. माती वाहिलेल्या सगळ्यांची, त्याला आठवली तशी. सव्वीस नावं होती. सातवं नाव माझ्या वडिलांचं होतं.

माझे वडील टेकाडावर कधी चढले नाहीत हे त्या मैदानावरच्या सगळ्या जुन्या माणसांना माहीत होतं. काकाने ते नाव माझ्यावरच्या मायेने घातलं, असं मला वाटलं. दयेनेच म्हणा. हा कागद सुनावणीत कुणी मोठ्याने वाचला तर? कुणीतरी म्हणेल, हा? हा तर जाळीवाला. कुणी हसेल. वडील जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. मी तक्त्यात लिहिलं: टेकाड, किती जणांनी मांडलं, एक. गुणाकार केला. आकडा लहान आला. मुद्दा रेघेखाली गेला. कागद मी फायलीत मागे सरकवला. आकड्यामुळे केलं असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं आणि ते मला पटलंही. एवढ्याचसाठी तर आकडे असतात.

तक्ता द्यायला गेलो तेव्हा टपालाच्या खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "एकच अर्ज का? नावं तर बरीच आहेत. प्रत्येकाने वेगळा दिला असता तर प्रत्येकाला सुनावणीला बोलता आलं असतं."

"एकत्रित आहे," मी म्हणालो. "सगळ्यांच्या वतीने मी बोलणार आहे."

"मुदत परवापर्यंत आहे, बघा," त्या म्हणाल्या. त्यांनी शिक्का मारला. माझ्या हातातल्या पिशवीत बाकीचे एकतीस कागद होते. मी त्यांना ते दिले नाहीत. त्यातल्या शुद्धलेखनाची मला लाज वाटली, हेही खरं आहे.

सुनावणी एका दुपारी एका सभागृहात झाली. आम्ही पंधरा-वीस जण गेलो होतो. कुणी पाळी बदलून घेतली होती, कुणी अर्धी रजा टाकली होती. काका इस्त्रीचा सदरा घालून आला होता. समोर एक अधिकारी, एक आराखडा करणारा तरुण आणि टिपणं घेणारा कारकून. अधिकारी सभ्य होता. त्याने माझा तक्ता पडद्यावर लावला.

"इतकं मुद्देसूद निवेदन क्वचित येतं," तो म्हणाला. "म्हणून आम्ही त्यावर गांभीर्याने विचार केला."

आणि केलाही होता. आठ पदरी ट्रॅकऐवजी चार पदरी झाला. गेट दोन झाले. बायकांची स्वच्छतागृहं दोन्ही बाजूंना आली. एकेक मुद्दा वाचला जात होता तसे आमचे लोक माझ्या पाठीवर थाप मारत होते. फोर्कलिफ्टवाला कानात म्हणाला, "राव, तू वकील व्हायला पाहिजे होतास."

मग आराखड्याचं चित्र आलं. पूर्वेला सरळ काँक्रीटची गॅलरी होती, तिच्या पोटात दुकानांचे गाळे. टेकाड नव्हतं. सभागृहात कुणाला ते लगेच कळलंही नाही.

काका उभा राहिला. "साहेब, टेकाड दिसंना."

तरुणाने पडद्याकडे बघितलं. "पूर्वेचा मातीचा भराव? तो काढावा लागेल, काका. गॅलरी तिथेच येते."

"बाजूला घ्या की गॅलरी. टेकाड जुनं हाय. आमी बांधलंय."

अधिकाऱ्याने कागद चाळले. "याबद्दल कुणाची हरकत आलेली नाही. प्रकल्पाला हरकत अशी एकही नाही, सगळ्या सूचनाच आहेत." मग तो माझ्याकडे वळला. "अर्जदार तुम्ही ना? तुमच्या निवेदनात हा मुद्दा आहे का? असेल तर आत्ताही नोंद घेता येईल. लेखी काही असेल तर द्या."

पिशवी माझ्या पायाशी टेकून होती. मागे सरकवलेला कॅलेंडरचा कागद आतच होता. मी पिशवीच्या बंदावर हात ठेवला. सव्वीस नावं, त्यात सातवं. कारकून पेन घेऊन थांबला होता.

"नाही," मी म्हणालो. "तो मुद्दा प्राधान्यक्रमात आला नव्हता."

"काका, तुम्ही स्वतः लेखी दिलं होतं का काही?" अधिकाऱ्याने विचारलं.

काकाने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. गोलकीपर चेंडू मारणाऱ्याकडे बघतो तसं, कुठे मारणार याचा अंदाज घेत. मग तो म्हणाला, "न्हाई. राहून गेलं." आणि खाली बसला.

पंधरा दिवसांनी मी तो कागद घेऊन त्याच खिडकीवर गेलो. बाईंनी मला ओळखलं. त्यांनी कागद वाचला, पूर्ण वाचला, आणि मग शिक्का मारून दिला. मुदतीनंतर प्राप्त. "फायलीला लावते," त्या म्हणाल्या, "पण आता काही होईल असं मी तुम्हाला सांगणार नाही." मी एक प्रत मागून घेतली. आता माझ्याकडे आहे ती प्रत. मूळ कागद कुठल्या फायलीत आहे, आहे की नाही, मला माहीत नाही.

टेकाड पाडायला दोन सकाळी लागल्या. एक पोकलेन आणि चार डंपर. बाभळी आधी तोडल्या. पहिल्या सकाळी मी कामावर जाताना तिथे थांबलो होतो. आमच्यातले दोघंतिघं मोबाइलवर शूटिंग करत होते. पोकलेनने उताराच्या पोटात दात घातले तेव्हा आतली माती वरच्यापेक्षा वेगळ्या रंगाची निघाली, काळपट, घट्ट चोपलेली. ती माती कुठे गेली ते विचारावं म्हणून मी एका डंपरवाल्याला हात केला. तो म्हणाला, "भराव टाकायला, जिथं सांगतील तिथं." चाकणच्या रस्त्याला कुठल्याही प्लॉटवर नवा भराव दिसला की मी आता बघतो. मातीवरून काही कळत नाही.

काकाला मी सांगायला गेलो तोवर आणखी महिना गेला होता. एक दुपार होती. तो घराबाहेर खुर्ची टाकून बसला होता. गल्लीत समोरच्या इमारतीचं काम चाललं होतं, धूळ होती. त्याने मला स्टूल दिलं.

"काका, तुमचा कागद माझ्याकडेच होता," मी म्हणालो.

"म्हाईत हाय."

"सुनावणीच्या दिवशी पिशवीत होता."

"पिशवीवर हात ठिवून बसला हुतास. दिसलं मला."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"तुझ्या तोंडून येतंय का बघत हुतो," काका म्हणाला. "न्हाई आलं. मग मी कशाला बोलू? पोराला चारचौघांत उघडं पाडून टेकाड ऱ्हायलं असतं व्हय?"

मग मी जे विचारायचं नाही असं ठरवून गेलो होतो तेच विचारलं. "त्यात माझ्या वडिलांचं नाव का घातलं होतं?"

काकाला प्रश्न कळला नाही. "का म्हंजे? माती वाहिली त्यानं."

"ते तर बसमधून आत गेले होते."

"नवव्या दिशी गेला. त्याच्या आदी आठ दिस काय घरी झोपला हुता?" काकाने हाताने हवेतच उताराचा आकार काढला. "खालचा थर आठ दिसांत झाला. वेल्डिंगनं हात भाजल्याले त्याचे, चिंध्या गुंडाळून घमेली उचलायचा. पहाटं माझ्या आदी यायचा. बाभळीपासनं पोस्टापातूर खालची समदी माती चोपली ती त्यानंच. गेला त्या दिशी मला सांगून गेला. म्हनला, आता मला तिथं बसता यायचं न्हाई. मी म्हनलं, बस की, कोण काय म्हनतंय. न्हाई बसला." काका माझ्याकडे वळला. "तुला घरी सांगितलं न्हाई व्हय कधी?"

"नाही."

"मंग तुला वाटलं, मी उगाच लिवलं."

"नाही, नाही," मी म्हणालो.

समोरच्या इमारतीवर कुणीतरी विटा उतरवत होतं. एकामागून एक, हातातून हातात. काकाने तिकडे बघितलं. मग म्हणाला, "मंग का न्हाई दिला?"

तेव्हा मी खरं सांगायला हवं होतं. की मला माझ्या बापाची लाज वाटली. चाळीस वर्षं वाटत आली, आणि ती खोटी निघाली, आणि त्या माणसाने माती वाहिली हे जिथे लिहिलेलं होतं तो एकच कागद मी दाबला. एवढंच सांगायचं होतं. समोरचा माणूस ऐकून घेणारा होता.

"गुण कमी पडले, काका," मी म्हणालो. "एकट्यानेच लिहिलं होतं ना तुम्ही."

"हां," काका म्हणाला. त्याने मान हलवली. माझ्यासाठी आतून पाणी मागवलं.

स्टेडियम गेल्या हिवाळ्यात खुलं झालं. लोकांना आवडलंय. मी खोटं बोलणार नाही. आजी नातीला घेऊन पूर्ण सामना बघतात. माझी बायको म्हणते, स्वच्छतागृहांच्या त्या दोन दारांवर तुझं नाव हवं होतं. फोर्कलिफ्टवाल्याची खुर्ची आता पश्चिमेला छताखाली असते, तो ट्रॅकला शिव्या देतो आणि दर रविवारी येतो. खुर्च्यांना नंबर आहेत. आत शिरताना पिशव्या तपासतात. इतर दिवशी गेट बंद असतं. जिथे वडील सायकलवर बसायचे तिथे दुचाक्यांचं पार्किंग आहे.

काका एकदाच आला. मी त्याला स्कूटरवरून आणलं. पूर्वेच्या गॅलरीत, गोलपोस्टमागे, त्याची जागा असायची त्याच्या जवळपास आम्ही बसलो. जवळपास म्हणजे वरून बघितलं तर. खाली कठडा, मग गटार, मग चार पदरी ट्रॅक, मग जाळी, आणि त्याच्याही पलीकडे गोलकीपर. तळेगावच्या संघाचा होता, नवा. त्याला आमची रीत माहीत असण्याचं कारण नव्हतं.

उत्तरार्धात चेंडू त्याच्या डाव्या अंगाने यायला लागला. काका खुर्चीतून अर्धा उठला. "डावीकडं! डावीकडं सर रं!" आवाज समोरच्या छताला लागून परत आमच्याकडेच आला. कीपरने मागे बघितलं नाही. काका पुन्हा ओरडला. पुढच्या रांगेतल्या दोन पोरांनी वळून बघितलं आणि एकाने कानातली इअरफोनची पांढरी बोंडं काढून विचारलं, "काय म्हणालात, आजोबा?" काकाने त्याला हातानेच काही नाही म्हटलं. तिसऱ्यांदा तो ओरडला नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिला.

कीपरची डावी बाजू उघडीच होती. मलाही दिसत होती. माझा आवाज काकापेक्षा मोठा आहे, पोचला असता कदाचित. मी ओरडलो नाही.

चेंडू तिकडूनच आत गेला.